बाय डोंगर उतरते तेव्हा

माझी आई पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीतली. लग्न होऊन ती महाडला आली आणि माझ्या वडिलांच्या, म्हणजे एका शाळामास्तरांच्या, संसारात मुरली. शेजारणींशी, वडिलांच्या सहकाऱ्यांशी ती इतकं स्वच्छ बोलायची की ती डोंगरातली आहे हे सांगितल्याशिवाय कुणाला कळायचं नाही. वर्षातून एकदाच तिची भाषा बदलायची. महाशिवरात्रीनंतर महाडच्या देवाचा छबिना, म्हणजे पालखीची मिरवणूक, निघतो तेव्हा. दुपारी लांबून ढोल ऐकू आला की हातातलं काम टाकून ती दारात धावायची आणि ओरडायची, "बाय आली गो!"

बाय म्हणजे तिच्या वाडीची देवी. छबिन्याला आसपासच्या गावांच्या पालख्या महाडच्या महादेवाला भेटायला येतात, त्यातलीच एक तिची. देवीचं खरं नाव वेगळं आहे, पण वाडीतल्या बायका तिला कधी त्या नावाने हाक मारत नसत. ती महादेवाची बहीण. छबिन्याच्या आधी भाऊ तिला नारळ पाठवतो आणि मग ती डोंगर उतरून त्याच्या अंगणात येते. वाटेत वाडीची लेक जिथे जिथे दिली असेल त्या प्रत्येक दारात तिची पालखी टेकते. आमच्या आळीत वाडीची लेक एकच होती, माझी आई.

मामा पालखीच्या पुढच्या दांडीला असायचा. तांबडा फेटा, धुळीने भरलेले पाय, खांद्यावर घडी केलेला टॉवेल. आई भोयांच्या पायांवर पाणी ओतायची, कुंकू लावायची, पाटावर टेकलेल्या पालखीत खण, नारळ, तांदूळ घालून देवीची ओटी भरायची. मग दांडीवर हात ठेवून तशीच उभी राहायची.

"ताय, उशीर व्हतोय," मामा म्हणायचा.

"जरा थांब रे. एवढ्या लांबून आलीय ती."

पालखी पुढे गेली की ती दारातून हलायची नाही. ढोल बाजारपेठेतल्या गलक्यात मिसळून जाईपर्यंत उभी. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या वाटेवर सगळी मंडळी आमच्याकडे जेवायला बसत. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, आणि आईचे प्रश्न. झऱ्याला पाणी हाय का? कुणाची म्हैस व्याली? वरच्या आळीतल्या म्हातारीचं कसं हाय? फणसाला कुयऱ्या लागल्या का? मामा आणि बाकीचे खात खात उत्तरं द्यायचे आणि आई भाकरी थापता थापता ऐकायची. तिचे आईवडील मी जन्मायच्या आधीच गेले होते. मामा स्वतः मुंबईला नोकरीला होता, फक्त पालखीसाठी सुट्टी काढून यायचा. वाडीतल्या घराला कुलूप होतं. जायला कारण उरलं नव्हतं, आणि कारणाशिवाय माहेरी जायची त्या काळच्या बायकांना सवय नव्हती. म्हणून तिचं माहेरच वर्षातून एकदा तिच्याकडे यायचं.

माझी दहावीची परीक्षा झाली त्या सुट्टीत मीच हट्ट धरला, मला बायचं देऊळ बघायचंय. वडिलांनाही ते बघायचं होतं. ते इतिहास शिकवायचे. एसटीने पोलादपूरपर्यंत, तिथून दुसऱ्या गाडीने पायथ्यापर्यंत आणि मग चढ. आई पुढे होती. घरात गुडघे दुखतात म्हणणारी आई त्या चढावर एकदाही बसली नाही. एका वळणावर तिने नुसता हात वर करून दाखवलं, आणि झाडांमधून मला काळ्या दगडाची भिंत दिसली.

देऊळ लहानच आहे. दगडावर दगड नुसते बसवलेले, मध्ये चुना नाही. खांबांवर फुलांच्या वेली कोरलेल्या, त्यातली काही फुलं बोटं फिरून फिरून सपाट झालेली. पण त्याला शिखर नाही. भिंती जिथे संपतात तिथून एकदम कौलं सुरू होतात, एखाद्या साध्या घरासारखी. दार पश्चिमेला, आणि दारात उभं राहिलं की सगळं खोरं खाली उलगडतं. सावित्री नदीची वळणं, हायवे, आणि हवा स्वच्छ असेल तर लांबवर महाडचा धुरकट ठिपका.

देवळाशेजारीच राहणाऱ्या गुरवांनी आम्हाला ओसरीत बसवून कथा सांगितली. भाऊ आणि बहीण दोघं घाटावरून कोकणात उतरले. भावाला नदीकाठ आवडला, तो खाली राहिला. बहीण दमून इथे डोंगरावर टेकली. भावाने आपले गण पाठवले आणि सांगितलं, उजाडायच्या आत बहिणीला घर बांधा. त्यांनी रात्रभर दगड वाहिले. शिखर तेवढं राहिलं आणि कोंबडा आरवला. गण जिथल्या तिथे दगड टाकून पळाले. देवळामागच्या उतारावर मोठाले चौकोनी दगड पडले होते, ते गुरवांनी आम्हाला दाखवले. "ह्ये बगा, हिथंच टाकलेनी."

वडील त्या दगडांशी बराच वेळ रमले. मग देवळासमोर मातीत अर्ध्या रुतलेल्या एका उभ्या शिळेपाशी त्यांनी मला बोलावलं. तिच्यावर खाली गुरं होती, मध्ये ढाल-तलवार घेतलेला माणूस, आणि सगळ्यात वर तोच माणूस पिंडीपुढे हात जोडून बसलेला.

"हा वीरगळ," ते म्हणाले. "गुरं वाचवताना कुणीतरी इथे मेलाय. त्याच्या माणसांनी त्याची आठवण ठेवली."

"कोण होता?"

"ते लिहिलेलं नाही. आपलं महाड हे जुनं बंदर. समुद्रातनं खाडीने होड्या वर यायच्या आणि माल बैलांवर लादून या डोंगरांतून देशावर जायचा. ही वाट त्यातलीच असणार. तांडे इथे मुक्काम करत असतील, पाणी आहे म्हणून. कुणातरी राजाने देऊळ बांधायला घेतलं. शिलाहार असतील, यादव असतील, मला सांगता येणार नाही. मग राज्य बुडालं असेल आणि शिखर राहिलं असेल."

आई पायरीवर बसून ऐकत होती. उतरताना वडील पुढे गेल्यावर तिने माझा हात धरला.

"ते दोघे सांगतात ते तसं नाय," ती म्हणाली. "बाय खाली भावाकडेच राहात होती. भावाचं लग्न झालं. भावजय वाईट नव्हती, पण हिला वाटलं, आता या घरात आपण पाहुण्या झालो. भांडली नाय, रडली नाय. पहाटे उठली आणि डोंगर चढून आली. घर बांधायला गवंडी आले ते भावाने पाठवलेले, ते खरं. पण शिखर त्यांचं राहिलं नाय. तिनंच थांबवलं त्यांना. म्हणाली, माथ्यावर दगडाचं ओझं नको. मला इथं बसून खाली बघायचंय, माझ्या लेकी कुठं कुठं दिल्यात ते."

"मग भावाला भेटायला का येते दरवर्षी?"

"भावाचं निमित्त गो. ती लेकींना बघायला येते."

हे तिला कुणी सांगितलं विचारलं तर म्हणाली, आयांनी. तिच्या आईने, आईच्या आईने. भात लावताना, लाकडं आणताना बायका बायकांना सांगत. गुरवांना हे ठाऊक होतं का? "असेल," ती म्हणाली, "पण ते नाय सांगत."

त्यानंतर मी शिकायला बाहेर पडले, नोकरीला पनवेलला गेले. छबिन्याला जमेल तसं घरी यायचे. पालखी येत होती, पण दरवर्षी खांदे कमी होत होते. वाडीतली पोरं मुंबईला, कुणी सुरतेला. मामाच्या फेट्याखालचे केस पांढरे झाले. खांदा बदलायला माणूस नाही म्हणून पालखी उशिरा पोचू लागली.

मग दोन हजार पाचचा पाऊस आला. महाड-पोलादपूरच्या डोंगरांनी त्या जुलैत काय केलं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरात पाणी शिरलं, ते ओसरलं. वाडीत माणूस दगावला नाही, पण वाट गेली. देवळाखालचा उतार झाडांसकट खाली आला आणि देऊळ तेवढं वर राहिलं. सरकारने वाडी खाली रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये हलवली. गुरव आणि त्यांची बायको मात्र वरच राहिले. देवीला एकटं सोडून खाली येणार नाही म्हणाले.

त्यानंतरच्या छबिन्याला बाय आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. आईने दोन्ही वेळा ओटीचं तबक तयार केलं, दारात पाट मांडला, आणि संध्याकाळी दोन्ही आत नेऊन ठेवलं. दुसऱ्या वर्षी वडील म्हणाले, "अगं, आपणच एकदा वर जाऊन ओटी भरून येऊ."

"मी तिच्याकडे जाणं वेगळं," आई म्हणाली. "तिनं माझ्या दारात येणं वेगळं."

तिसऱ्या वर्षी माझं नुकतंच लग्न झालेलं होतं. छबिन्यासाठी म्हणून मी सासरहून चार दिवस माहेरी आले. आले त्याच संध्याकाळी मामाचा फोन आला. आई ऐकत राहिली, "हां, हां" करत राहिली आणि फोन ठेवून म्हणाली, "त्याला सुट्टी नाय. दुसऱ्यांनाही नाय. यंदाही पालखी हलत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साडी बदलून बाहेर पडली. कुठे चाललीस विचारलं तर म्हणाली, "नात्याला." नाते गावात वाडीची एक लेक दिली होती. तिथून ती सव गावाला गेली, तिथे दुसरी. मग पोलादपूरला, तिथे दोघी. आईने एवढा प्रवास एका दिवसात कधी केला नव्हता. संध्याकाळी परतली तेव्हा चेहरा उन्हाने लाल झाला होता आणि ती हसत होती. वडिलांना म्हणाली, "आम्ही जातोय तिला आणायला."

"आम्ही म्हणजे कोण?"

"तिच्या लेकी."

छबिन्याच्या दिवशी सकाळी आम्ही पायथ्याशी जमलो. आठ-दहा बायका असतील; त्या चौघींनी आणखी लेकींना निरोप धाडले होते. बहुतेक आईच्या वयाच्या, एक-दोन तिच्याहून मोठ्या. सवला दिलेली लेक अंगाने भारी होती आणि तिचं तोंड सतत चालू होतं. जुन्या वाटेच्या जागी आता नुसती तांबडी माती होती. त्यातून गुरवांच्या येण्याजाण्याने पडलेली एक पायवाट. कुठे झाडाची मुळं धरून, कुठे एकमेकींचा हात धरून आम्ही चढलो. वर पोचलो तेव्हा गुरवीणबाई अंगण सारवत होत्या. एवढ्या बायका बघून त्यांनी हातातलं शेण तसंच ठेवलं आणि रडायलाच लागल्या.

गुरव बाहेर आले. आईने सांगितलं कशासाठी आलोय ते. त्यांनी मान हलवली.

"बायांनी खांदा द्यायचा नाय. कधी झाला नाय त्ये."

"बाप्ये कुठं हायेत?" सवची लेक म्हणाली. "दोन सालं झाली, बसलीय ती हिथं."

"त्ये खरं. पर माजा इलाज नाय. कौल लावतो. तिनं दिला तर न्या."

आम्ही सगळ्या गाभाऱ्याच्या दाराशी बसलो. गुरवांनी दोन पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यांनी हात जोडून देवीला मोठ्याने विचारलं. पाकळ्या जागच्या हलेनात. बराच वेळ गेला. बाहेर पांगाऱ्यावर पक्षी कलकलत होते. गुरव म्हणाले, "बोलत नाय. उठा आता."

आई उठली नाही. देवीकडे बघत ती हळू आवाजात, शेजारणीशी बोलावं तशी बोलू लागली. "रागावलीयस ना? रागाव. दोन सालं कुणी फिरकला नाय. आमी खाली, तू वर. पण आमी कुठं जाणार होतो गो? पोरं, घरं, सासूसासरे. आज आल्याव ना? चल की."

उजव्या खांद्यावरची पाकळी आधी एका कडेने सुटली. मग पडली.

पुढे वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, पाकळी सुकली की पडतेच. खरंच असेल. पण त्या क्षणी गाभाऱ्याच्या दाराशी आम्हा कुणाला ते सुचलं नाही. मग गुरवीणबाईंनी पदर डोक्यावरून घेतला, नवऱ्याकडे न बघता पालखीचं आवरण काढलं आणि म्हणाल्या, "धरा गो."

गुरवांनी देवीचा मुखवटा पालखीत ठेवला. आईने पुढची दांडी खांद्यावर घेतली, मामाची जागा. उतार जिथे सगळ्यात वाईट होता तिथे खांद्यावर नेणं शक्यच नव्हतं. तिथे आम्ही ओळीने उभ्या राहिलो आणि पालखी हातोहात खाली दिली. माती पायाखालून सरकत होती. सवची लेक मध्येच ओरडायची, "बाय, नीट बस गो! पडलीस तर आमाला बोल लावशील!" आणि हसू आवरताना पालखी आणखी हलायची. गुरव मागून काठी टेकत येत होते. अर्ध्या उतारावर त्यांनी आपणहून देवीचा जयजयकार सुरू केला.

खाली शेडपाशी वाडीतली उरलीसुरली म्हातारी माणसं रस्त्यावर येऊन उभी होती. त्यांनी ढोल काढला. महाडपर्यंत टेम्पो ठरवला होता. पालखी टेम्पोत चढवताना आईने मला बाजूला घेतलं.

"तू पुढे जा," ती म्हणाली. "दारात कुणीतरी हवं."

मला कळायला एक क्षण लागला. दरवर्षी दारात ती असायची. आज ती पालखीखाली येणार होती.

पालखी वाटेतल्या लेकींच्या दारी टेकत येणार होती; मिळाली ती एसटी धरून मी आधी घरी पोचले. वडिलांनी दार झाडून सडा घातला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा रांगोळी काढली होती. कमळ काढायचा विचार असावा. पाट मांडलेला होता, तबक तयार होतं. मी हातपाय धुतले, सासरहून आणलेली नवी साडी नेसले आणि उभी राहिले. मग ढोल ऐकू आला.

आळीतली माणसं दारात आली होती. बायकांच्या खांद्यावरची पालखी बघून कुणीतरी कुजबुजलं, कुणीतरी हात जोडले. आई पुढे होती. केस सुटलेले, साडी गुडघ्यापर्यंत तांबड्या मातीने माखलेली. पालखी पाटावर टेकली. मी तिच्या पायांवर पाणी ओतलं. आईच्या पायांवर पाणी ओतायची माझी ती पहिलीच वेळ. ती नुसती बघत होती, एखाद्या लांबच्या गावाहून आलेल्या माणसासारखी. मी देवीची ओटी भरली. पालखी उचलणार तेवढ्यात मला राहवलं नाही. मी दांडीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जरा थांबा ना."

"थांबा गो," आई बाकीच्यांना म्हणाली. "लेक म्हणतेय."

त्या संध्याकाळी देवाच्या अंगणात थोडी कुरबूर झाली. एक-दोघांनी बायकांनी पालखी पुढे आणू नये म्हणून आवाज चढवला. तिथले एक वयस्क पुजारी पुढे झाले आणि भावाचा नारळ त्यांनी पालखीत ठेवला. मग कुरबूर थांबली. रात्री आई घरी आली ती उजवा खांदा धरूनच. वडिलांनी तेल गरम करून दिलं.

पुढच्या वर्षी मामा आणि इतर पुरुष सुट्टी काढून आले. बायकांनी नेली हे मुंबईपर्यंत पोचलं होतं. त्यानंतर पालखी चुकली नाही. वर कच्चा रस्ता झाला, आता टेम्पो देवळाच्या जवळपर्यंत जातो. बायकांनी पुन्हा खांदा दिला नाही, कुणी मागितलाही नाही. आई पूर्वीसारखी दारात उभी राहू लागली. तिला वाईट वाटत होतं का, मी कधी विचारलं नाही. एकदा फक्त भाकऱ्या थापताना ती म्हणाली, "वरनं खाली येताना महाड कसं दिसतं, ते मी सासरी आल्याच्या दिवसानंतर त्या वर्षीच नीट बघितलं गो. तुझ्याबरोबर उतरले तेव्हा बोलण्यात होते."

आता ती नाही, वडील नाहीत. महाडचं घर भाड्याने दिलंय आणि मी पनवेलला असते. त्या आळीत वाडीची लेक कुणी उरली नाही, त्यामुळे पालखी तिथे टेकत नाही, सरळ पुढे जाते. तरी छबिन्याला मी जाते. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर गर्दीत उभी राहते, पालखी समोर आली की घाईघाईने खण-नारळ आत सरकवते, आणि गर्दी मला मागे ढकलते. वाडीतल्या नव्या पोरांतलं मला कुणी ओळखत नाही. मागच्या खेपेला पालखीबरोबर चालणाऱ्या एका म्हातारीने मात्र थांबून माझ्याकडे निरखून बघितलं. सवची लेक होती, खूप वाळली होती.

"कुणाची गो तू?"

मी आईचं नाव सांगितलं.

तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि मला रस्त्याच्या कडेवरून पालखीमागच्या बायकांच्या घोळक्यात ओढून घेतलं. मग देवळापर्यंत ती वाडीतल्या माझ्या आईच्या लहानपणाच्या गोष्टी सांगत राहिली. ढोलाच्या आवाजात त्यातल्या निम्म्या मला ऐकूच आल्या नाहीत.